एका वैद्यकीय प्रबंधातील शब्द : ‘नॉस्टॅल्जिया’ची जन्मकथा

वैद्यकशास्त्रातील पदवीसाठी लिहिल्या जाणाऱ्या प्रबंधांचे आयुष्य बहुधा अल्प असते. परीक्षकांनी तो वाचावा, विद्यापीठाने संमत करावा आणि पुढे ग्रंथालयाच्या फळीवर त्याने विसावा घ्यावा, ही त्याची नेहमीची गती होय. त्यातील निरीक्षणे पुढील संशोधनात विरून जातात, उपचार कालबाह्य होतात, आणि लेखकाने हौसेने घडविलेली परिभाषा तर सर्वांच्या आधी विस्मृतीत जाते. परंतु १६८८ साली स्वित्झर्लंडमधील बाझेल विद्यापीठात सादर झालेल्या एका लहानशा लॅटिन प्रबंधाच्या बाबतीत नेमके उलट घडले. त्यात मांडलेली शरीरक्रियेची उपपत्ती आज कोणी मानीत नाही. त्यात वर्णिलेला रोग मान्य रोगसूचीतून निघून गेला आहे. त्याच्या लेखकाचे नावही इतिहासाच्या अभ्यासकांव्यतिरिक्त फारसे कोणास ठाऊक नाही. तथापि त्याने बनविलेला एक शब्द आज जगातील अनेक भाषांत नांदत आहे. तो शब्द म्हणजे ‘नॉस्टॅल्जिया’.

हा शब्द ग्रीक घटकांचा असल्यामुळे तो प्राचीन ग्रीक वाङ्मयातून आला असावा, असा समज सर्रास आढळतो. वस्तुतः होमरच्या महाकाव्यांत त्याचे दोन्ही घटक सुटे सुटे भेटतात. त्यांचा समास मात्र प्राचीन ग्रीकमध्ये नाही. तो एका एकोणीस वर्षांच्या वैद्यकीय विद्यार्थ्याने केला. एखाद्या रोगाला नाव देणे म्हणजे काय, त्या नावात रोगाचे कारण आणि उपचार कसे गुंतून बसतात, आणि नाव बदलले किंवा त्याचा अर्थ सरकला म्हणजे रुग्णाचे काय होते, हे पाहण्यास याहून सोयीचे उदाहरण मिळणे कठीण.

१

या विद्यार्थ्याचे नाव योहानेस होफर. त्याचा जन्म १६६९ साली म्युलहाउझेन येथे झाला. आज फ्रान्समध्ये असलेले आणि मुलूज या नावाने ओळखले जाणारे हे नगर त्या काळी स्विस संघाशी सख्याने जोडलेले होते. त्याच्या प्रबंधाच्या वादसभेचे अध्यक्षपद योहान याकोब हार्डर या शरीरशास्त्रज्ञाकडे होते. प्राण्यांच्या नेत्रकोटरातील एका ग्रंथीला आजही हार्डरचे नाव आहे. तत्कालीन रीतीप्रमाणे प्रबंध छापावयाचा, तो सभेपुढे ठेवावयाचा आणि विद्यार्थ्याने आक्षेपांना लॅटिनमधून उत्तरे देऊन त्याचे समर्थन करावयाचे, असा परिपाठ होता. कित्येकदा प्रबंधाचे लेखन अध्यक्षच करी आणि विद्यार्थी केवळ वाद लढवी. ‘नॉस्टॅल्जिया’विषयीचा प्रबंध मात्र होफरचाच मानला जातो.

प्रबंधाच्या नावातच एक गोष्ट लक्ष वेधून घेते. लॅटिन शीर्षकात ‘नॉस्टॅल्जिया’ हा नवा शब्द येतो आणि त्याला ‘अथवा’ या अर्थाच्या जर्मन शब्दाने जोडून ‘हाइमवे’ हा लोकभाषेतील शब्द ठेवलेला आहे. याचा अर्थ असा, की नवा शब्द एकट्याने उभा राहू शकत नाही याची जाणीव लेखकाला होती. ‘हाइम’ म्हणजे घर, ‘वे’ म्हणजे दुखणे. हा शब्द होफरने बनविलेला नव्हे. तो स्विस बोलींत आधीपासून रूढ होता. १५६९ सालच्या एका स्विस पत्रातच झोनेनबेर्ग नावाचा एक इसम ‘हाइमवे’ने मरण पावल्याची नोंद सापडते. परदेशी राजांच्या फौजांत भाडोत्री शिपाई म्हणून जाणे हा स्विस तरुणांचा मोठा व्यवसाय होता, आणि घराच्या ओढीने झुरून जाणारा शिपाई ही तेथील खेड्यापाड्यांना परिचयाची गोष्ट होती. लोकांना दुखणे ठाऊक होते आणि त्याचे नावही ठाऊक होते. ते नव्हते फक्त वैद्यांच्या ग्रंथांत. होफरच्या कार्याचे मर्म येथे आहे. त्याने नवा रोग शोधला असे म्हणण्यापेक्षा लोकभाषेतील एक शब्द त्याने विद्वानांच्या भाषेत आणला, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल.

२

होफरने दिलेल्या रुग्णवृत्तांतांपैकी दोन विशेष प्रसिद्ध आहेत. पहिला रुग्ण बर्न नगरातून बाझेलला शिकण्यासाठी आलेला एक तरुण होता. तो बरेच दिवस खिन्न होता. पुढे सतत ज्वर राहू लागला, छातीत घालमेल होऊ लागली, प्रकृती इतकी ढासळली की त्याच्यासाठी प्रार्थना सुरू झाल्या. बस्ती देण्यासाठी बोलावलेल्या औषधविक्रेत्याने त्याची अवस्था पाहिली आणि हे घरच्या ओढीचे दुखणे असून घरी पाठविण्यावाचून त्यावर इलाज नाही, असे स्पष्ट सांगितले. प्रवासाची तयारी सुरू होताच रुग्णाला हुशारी वाटू लागली. नगरापासून थोड्या अंतरावर गेल्यावर त्याची लक्षणे ओसरली आणि बर्नला पोहोचण्यापूर्वीच तो बरा झाला. रोगनिदान पदवीधर वैद्याने केलेले नसून औषधे कुटणाऱ्या माणसाने केलेले आहे, ही गोष्ट होफरने लपविली नाही, हे त्याच्या प्रामाणिकपणाचे द्योतक होय.

दुसरी रुग्ण एक शेतकरी मुलगी. उंचावरून पडल्यामुळे ती काही दिवस बेशुद्ध होती आणि तिला रुग्णालयात आणले होते. शुद्धीवर आल्यावर भोवती अनोळखी वृद्ध स्त्रिया पाहून तिला घराचा ध्यास लागला. ती अन्न घेईना, औषध थुंकून टाकी, आणि काहीही विचारले तरी घरी जायचे एवढेच म्हणे. अखेर आईवडील तिला घेऊन गेले आणि कोणत्याही औषधावाचून ती थोड्याच दिवसांत बरी झाली. संपूर्ण लॅटिन मजकुरात या मुलीचे बोल मात्र जर्मनमध्येच छापलेले आहेत. पदवीसाठी लॅटिन लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला ते भाषांतरित करणे सहज शक्य होते. त्याने ते केले नाही, आणि त्यामुळे तीन शतकांनंतरही रुग्णाचा स्वतःचा आवाज त्या पृष्ठावर ऐकू येतो.

रोगाची उपपत्ती सांगताना होफर आपल्या काळाला धरून आहे. मेंदूच्या मध्यभागातील ज्या तंतूंत मायभूमीच्या कल्पनेचे ठसे उमटलेले असतात, त्याच तंतूंतून प्राणतत्त्वांचे अखंड स्पंदन होत राहते. त्यामुळे इतर व्यापारांना ती तत्त्वे पुरत नाहीत आणि भूक, झोप, शक्ती क्षीण होतात, असे त्याचे प्रतिपादन. उपचारांत रेचके आणि अफूयुक्त औषधे येतात. परंतु सर्वांत प्रभावी उपाय म्हणून तो परतण्याची आशा सांगतो, आणि ती पुरेशी न ठरल्यास रुग्ण कितीही अशक्त असो, त्याला वाहनात घालून घरी पोहोचवावे असे बजावतो.

३

आता शब्दाच्या घडणीकडे वळावयाचे. ‘हाइमवे’ या शब्दाचे ग्रीक रूपांतर करताना होफरने ‘नोस्तोस्’ आणि ‘आल्गोस्’ हे दोन शब्द घेतले. ‘आल्गोस्’ म्हणजे पीडा. शरीराची आणि मनाची, दोन्ही. मराठीत ‘दुःख’ आणि ‘दुखणे’ या शब्दांचे मूळ एकच असावे, पण एक मनाकडे आणि दुसरा शरीराकडे झुकावा, तसाच हा प्रकार आहे. ग्रीकमध्ये ही दोन्ही टोके एका शब्दात राहिली होती, आणि होफरला तेच हवे होते.

पहिल्या घटकाची निवड अधिक विचार करण्याजोगी आहे. जर्मन शब्दात ‘घर’ आहे. ग्रीकमध्ये घरासाठी ‘ओइकोस्’ हा सुपरिचित शब्द उपलब्ध होता. होफरने तो घेतला नाही. ‘नोस्तोस्’ म्हणजे घर नव्हे, तर घरी परत येणे. म्हणजेच लोकभाषेतील शब्द ज्या वस्तूचा अभाव जाणवतो तिचे नाव घेतो. होफरचा शब्द त्या वस्तूकडे नेणाऱ्या गतीचे नाव घेतो. परिणामी रोगाच्या नावातच त्याचा उपचार आला. ‘परतण्याची व्यथा’ असे ज्या रोगाचे नाव, त्याचा रुग्ण परत पाठविला पाहिजे हे वेगळे सांगावे लागत नाही.

या समासाची आणखी एक विशेषता भारतीय वाचकाच्या सहज ध्यानात येईल. आयुर्वेदात शिरःशूल, कर्णशूल, कटिशूल असे सामासिक शब्द आहेत. त्यांत पूर्वपद हे वेदनेचे स्थान दाखविते. ग्रीक वैद्यकातही डोकेदुखीसाठी ‘केफालाल्गिया’ अशीच रचना होती; पुढे १९ व्या शतकाच्या आरंभी रूढ झालेला ‘न्यूराल्जिया’ हा शब्दही याच साच्यातला. होफरने हाच साचा वापरला, परंतु अवयवाच्या जागी ‘परतणे’ ही क्रिया बसविली. वैयाकरणाच्या दृष्टीने पाहता ‘डोक्यातील वेदना’ आणि ‘परतण्यासाठी वेदना’ यांत पूर्वपदाचा उत्तरपदाशी असलेला संबंध अगदी भिन्न आहे. एकात अधिकरण आहे, दुसऱ्यात हेतू. पण बाह्य रूप एकच असल्यामुळे घराची ओढ ही कानदुखीच्या पंक्तीत जाऊन बसली. लोकांच्या तोंडी असलेल्या एका दुखण्याला वैद्यकाच्या दालनात प्रवेश मिळाला तो बऱ्याच अंशी या साच्याच्या बळावर.

होफरने ‘नोसोमानिया’ आणि ‘फिलोपात्रिडोमानिया’ असे आणखी दोन पर्याय सुचविले होते. या दोहोंत ‘मानिया’, म्हणजे वेड, हा घटक आहे. यांपैकी एखादा शब्द रूढ झाला असता, तर घरासाठी झुरणाऱ्याची गणना दुःखितांत न होता वेड्यांत झाली असती.

४

होफरला ठाऊक असणे शक्य नव्हते अशी एक गोष्ट पुढे तुलनात्मक भाषाशास्त्राने उजेडात आणली. ‘नोस्तोस्’ हा शब्द ज्या मूळ इंडो-युरोपीय धातूपासून आला, त्याच धातूपासून जर्मनमधील ‘गेनेझेन’ हे क्रियापद आले आहे. त्याचा अर्थ ‘आजारातून बरे होणे’. एका शाखेत जो धातू सुखरूप घरी परतण्याचा अर्थ देतो, तोच दुसऱ्या शाखेत रोगमुक्त होण्याचा अर्थ देतो. संकटातून सुटून सुरक्षित स्थळी येणे, हा या दोहोंचा समान गाभा होय.

संस्कृतपुरते बोलावयाचे तर अश्विनीकुमारांचे ‘नासत्य’ हे वैदिक नाव काही विद्वानांनी याच धातूशी जोडले आहे. या नावाची ‘जे असत्य नव्हेत ते’ अशी एक जुनी व्युत्पत्ती निरुक्तात नोंदलेली आहे. त्यामुळे नव्या व्युत्पत्तीला सर्वमान्य म्हणता येत नाही. तरीही ती मोहक आहे, कारण अश्विनीकुमार हे देवांचे वैद्य, आणि ऋग्वेदातील त्यांच्या पराक्रमांत समुद्रात सापडलेल्या भुज्यूला शंभर वल्ह्यांच्या नौकेतून घरी आणल्याची कथा ठळक आहे. तेथे घरासाठी ‘अस्त’ हा शब्द येतो. मराठीतील ‘सूर्यास्त’ या शब्दात तो अजून शिल्लक आहे. बरे करणे आणि घरी पोहोचविणे ही दोन कर्मे एकाच देवतेकडे असावीत, हे बर्नच्या त्या विद्यार्थ्याची हकीकत वाचलेल्याला मुळीच विचित्र वाटणार नाही.

५

प्रबंधानंतरचा इतिहास हा नाव आणि कल्पना यांच्या ओढाताणीचा इतिहास आहे. १८ व्या शतकाच्या आरंभी योहान याकोब शॉयख्त्सर या स्विस निसर्गशास्त्रज्ञाने असे मांडले, की उंच पर्वतावरील विरळ हवेत वाढलेली माणसे सखल प्रदेशात आली म्हणजे तेथील हवेच्या अधिक दाबाने त्यांचे रक्ताभिसरण मंदावते. सबब रुग्णाला घरी पाठविणे अशक्य असल्यास निदान टेकडीवर अथवा बुरुजावर ठेवावे. या उपपत्तीत मनाला स्थान नाही, आणि स्विस राष्ट्राच्या अभिमानाला धक्काही नाही. स्विस तरुण हळवे ठरण्याऐवजी त्यांची हवा श्रेष्ठ ठरते. १७१० साली बाझेलच्याच थिओडोर झ्विंगरने होफरचा प्रबंध पुन्हा छापला, त्यात गुराख्यांच्या एका आल्प्स पर्वतीय धुनीची भर घातली आणि रोगाचे नाव बदलून ‘पोथोपात्रिडाल्गिया’ असे ठेवले. तळमळ, पितृभूमी आणि वेदना या तिन्हींचा त्यात समावेश असल्याने हे नाव अर्थदृष्ट्या अधिक नेमके होते. ते टिकले नाही. परिभाषेच्या व्यवहारात अचूकतेइतकेच उच्चारसौकर्यही निर्णायक असते, याचा हा उत्तम पुरावा होय.

पुढे १७६३ साली लिनेअसने आपल्या रोगवर्गीकरणात ‘नॉस्टॅल्जिया’चा समावेश केला. १७६८ साली रूसोने आपल्या संगीतकोशात असे लिहिले, की गुराख्यांची ती धून स्विस पलटणींत वाजविण्यास देहान्त शिक्षेच्या धाकाने बंदी होती, कारण ती ऐकून शिपाई रडत, पळून जात किंवा मरत. फ्रेंच राज्यक्रांतीच्या युद्धांत तर या शब्दाला प्रशासकीय मोल आले. १७९३ साली फ्रेंच सैन्यातील आजारपणाच्या रजा स्थगित करण्यात आल्या, तेव्हा ‘नॉस्टॅल्जिया’ने पीडित शिपायाचा अपवाद राखण्यात आला होता. एका विद्यार्थ्याच्या प्रबंधातील शब्द आता शिपायाच्या रजेच्या कागदावर होता, आणि तो तेथे आहे की नाही यावर त्याचे घरी जाणे अवलंबून होते. १९ व्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रान्समधील वैद्यकीय विद्यालयांतून या विषयावर अनेक प्रबंध लिहिले गेले. अमेरिकेतील यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्याच्या वैद्यकीय नोंदींत या रोगाची पाच हजारांहून अधिक प्रकरणे आणि सत्तरांहून अधिक मृत्यू दाखविलेले आहेत.

त्यानंतर मात्र उतरती कळा लागली. शवविच्छेदन आणि जंतुशास्त्र यांच्या प्रगतीमुळे पूर्वी ‘नॉस्टॅल्जिया’च्या नावावर मांडलेले कित्येक मृत्यू क्षय, विषमज्वर यांसारख्या रोगांकडे वर्ग झाले. क्षयाचा जंतू १८८२ साली रॉबर्ट कॉखने दाखवून दिला. रोगनिदान अधिक खरे झाले यात शंका नाही. पण त्याबरोबरच घरी पाठविण्याचा जो आधार त्या शब्दाने रुग्णाला दिला होता तोही गेला. उरलेला मानसिक भाग विषण्णतेसारख्या व्यापक सदरांत मिसळून गेला.

या शब्दाच्या इतिहासात पुढेही दोन वैद्यकीय प्रबंधांचा संबंध येतो. १९०९ साली कार्ल यास्पर्स याने हायडेलबर्ग येथे ‘घराची ओढ आणि गुन्हा’ अशा अर्थाच्या शीर्षकाचा प्रबंध लिहिला. खेड्यांतून दाईकामासाठी परक्या घरी ठेवलेल्या अल्पवयीन मुलींनी केलेल्या जाळपोळीच्या व बालहत्येच्या घटनांचा त्यात अभ्यास आहे. पुढे तत्त्वज्ञ म्हणून कीर्ती मिळविलेल्या या तरुण वैद्याने शीर्षकात ग्रीक शब्द न घेता ‘हाइमवे’ हा साधा जर्मन शब्द घेतला. सव्वादोनशे वर्षांनी शब्द पुन्हा आपल्या घरी आला, असे म्हणावयास हरकत नाही. दुसरा प्रबंध झाँ स्टारोबिन्स्की याचा. विषण्णतेच्या उपचारांचा इतिहास हा त्याचा विषय. तो त्याने १९६० साली लोझान येथे सादर केला. त्याच लेखकाने १९६६ साली ‘नॉस्टॅल्जिया’ या कल्पनेच्या इतिहासावर जो निबंध लिहिला, तो या विषयातील आधारभूत लेखन मानला जातो. भावना शब्दाच्या द्वारेच इतिहासात उतरते, हे त्या निबंधाचे प्रमुख सूत्र आहे.

६

वैद्यकाने सोडून दिलेला शब्द साहित्याने आणि सर्वसामान्य व्यवहाराने उचलला, परंतु त्याचा अर्थ स्थलाकडून कालाकडे सरकला. या बदलाची चाहूल कांटला १७९८ सालीच लागली होती. परतलेल्या माणसाची निराशा होते, कारण त्याला खरे तर गाव नको असून तारुण्य हवे असते, असे निरीक्षण त्याने नोंदविले आहे. घरी परतता येते, भूतकाळात परतता येत नाही. म्हणजे अर्थ बदलताच शब्दातील उपचार नाहीसा झाला, आणि त्याबरोबर वेदनाही सौम्य झाली. २००६ पासून इंग्लंडमधील साउथॅम्प्टन येथील मानसशास्त्रज्ञांनी केलेल्या संशोधनात तर ही भावना एकाकीपणात मनाला आधार देणारी म्हणून अभ्यासली गेली आहे.

मराठीत या शब्दासाठी ‘स्मरणरंजन’ आणि ‘गतकातरता’ हे पर्याय योजले गेले आहेत. दोन्ही आजच्या अर्थाला धरून आहेत. पहिल्यात वेदनेची जागा रंजनाने घेतली आहे; दुसऱ्यात व्यथा आहे, पण ती गत काळाची. घर अथवा परतणे दोहोंतही नाही. यांत दोष शोधण्याचे कारण नाही. मात्र होफरच्या रुग्णांविषयी लिहिताना हे शब्द वापरल्यास अर्थाचा अनर्थ होईल. त्या शेतकरी मुलीला स्मरणरंजन झाले होते असे कोणी म्हणणार नाही.

तिच्या दुखण्यासाठी मराठीत शब्द आहे, आणि तो फार जुना व साधा आहे : ‘ओढ’. त्याचा व्याकरणिक व्यवहारही पाहण्याजोगा आहे. मराठीत ताप येतो, क्षय होतो, पण ओढ लागते. जशी भूक लागते, तहान लागते. ‘लागणे’ या क्रियापदाची व्याप्ती मोठी असल्यामुळे (वेडही लागते आणि ठेचही लागते) यावरून अतिव्याप्त निष्कर्ष काढता येणार नाही. तथापि भाषेने या भावनेची जोड ज्वराशी न घालता भुकेशी घातली आहे, एवढे निश्चित. भुकेवर औषध नसते, अन्न असते. माहेरची ओढ हा महाराष्ट्रातील जात्यावरच्या ओव्यांचा एक प्रमुख विषय आहे. हेमा राईरकर आणि गी प्वात्वँ यांच्या प्रयत्नांतून संकलित झालेल्या लाखाहून अधिक ओव्यांत तो पुनःपुन्हा भेटतो. लहान वयात सासरी गेलेल्या ज्या मुलींनी अन्न टाकले असेल, ज्या झुरल्या असतील, त्यांच्यासाठी भाषेने शब्द दिला होता. पण त्या शब्दाला कोणत्याही वैद्यकीय प्रबंधात जागा मिळाली नाही. बाझेलच्या मुलीला ती मिळाली, म्हणून तिचे आईवडील तिला घरी घेऊन गेल्याची हकीकत आज वाचता येते.

संशोधकाने परिभाषा घडवू नये असा याचा अर्थ नव्हे. परिभाषेवाचून लोकभाषेतील ‘हाइमवे’ विद्यापीठाच्या उंबरठ्याबाहेरच राहिला असता. परंतु होफरने नव्या शब्दाशेजारी जुना शब्द ठेवला, औषधविक्रेत्याचे निदान त्याच्याच नावावर मांडले आणि रुग्णाचे बोल तिच्याच भाषेत छापले. त्याच्या प्राणतत्त्वांची आणि तंतूंची चर्चा कालौघात वाहून गेली. या तीन गोष्टींमुळे मात्र त्याचे दोन्ही रुग्ण आजही ओळखता येतात. वैद्यकातील प्रबंध लिहिणाऱ्याने रुग्णाला विचारलेला प्रश्न आणि त्याचे उत्तर कोणत्या भाषेत नोंदवावे, याचा निर्णय बहुधा कार्यपद्धतीच्या प्रकरणात एका ओळीत उरकला जातो. होफरचा प्रबंध पाहता ती ओळ अधिक विचारपूर्वक लिहिली जाणे इष्ट आहे.